जुन्या इंग्रजी मजकुरातलं ‘स्टील’ मराठीत आणताना

मराठी घरात ‘स्टील’ म्हटलं की डबा, तांब्या, फुलपात्र डोळ्यांसमोर येतं. ते गंजत नाही, ताकाला बाधत नाही. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने असं स्टील ओतलं ते १९१३ साली, आणि त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम होतं. त्याआधीच्या इंग्रजी मजकुरातलं स्टील गंजतं, चुकीचं तापवलं तर काचेसारखं तुटतं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते इतकं महाग असतं की माणसं ते धारेपुरतंच वापरतात. कित्येकदा तर तो धातू नसतोच. ती चकमक असते, औषध असतं, वजनकाटा असतो, नाहीतर लंडनमधली एक वखार असते.

जुनी गॅझेटिअर, मालाच्या याद्या, मृत्युपत्रं, लोहारांची बिलं किंवा लष्करी पत्रव्यवहार मराठीत आणणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी. पहिल्या वाचनात ‘स्टील’ला प्रतिशब्द द्यायचाच नाही. तिथे मोकळी जागा सोडायची आणि समासात तीन गोष्टी टिपायच्या: मजकुराचं साल, शब्दाचं व्याकरणातलं रूप, आणि शेजारी बसलेले शब्द. दुसऱ्या वाचनात जागा भरायची. दहापैकी आठ जागा मग आपसूक सुटतात.

साल आधी

जुनी व्याख्या सोपी होती. कार्बन जवळजवळ नसलेलं ते घडीव लोखंड, दोन टक्क्यांहून जास्त असलेलं ते बीड, आणि या दोहोंमधलं, लाल तापवून पाण्यात बुडवलं की कडक होणारं, ते स्टील. कडक होणं हीच त्याची परीक्षा. ऑगस्ट १८५६मध्ये हेन्री बेसेमरने आपली पद्धत जाहीर केली. तिच्यामुळे आणि पाठोपाठ आलेल्या भट्ट्यांमुळे टनावारी स्वस्त माल निघू लागला. त्यातला बराचसा पाण्यात बुडवूनही फारसा कडक होत नव्हता, पण नाव स्टीलच राहिलं. म्हणून १८२० सालातलं ‘स्टील’ म्हणजे धार, स्प्रिंग, कानस, छिन्नी. १८९० सालातलं म्हणजे रूळ, तुळई किंवा जहाजाचा पत्राही. दोन्हीकडे ‘पोलाद’ लिहिता येतं, पण आधीच्या काळात ते मौल्यवान आहे हे वाक्यातून कळायला हवं. शेतकऱ्याच्या मृत्युपत्रात चार पौंड स्टीलची वेगळी नोंद दिसली तर चक्रावून जाऊ नये.

बेसेमरच्या आधीच्या मजकुरात पोलादाच्या जाती येतात, आणि खरी गफलत तिथे होते.

‘ब्लिस्टर स्टील’ म्हणजे फोड आलेलं, म्हणून सदोष, असं समजू नका. स्वीडनहून आणलेल्या घडीव लोखंडाच्या पट्ट्या दगडी पेटीत कोळशाच्या भुकटीच्या थरांत रचायच्या, पेटी वरून बंद करायची आणि आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस, लालभडक ठेवायची. कार्बन हळूहळू पट्टीत शिरतो. लोखंडात राहिलेल्या मळीशी, म्हणजे अशुद्ध गाळाशी, त्याची गाठ पडली की वायू सुटतो आणि पट्टीच्या अंगावर फोड येतात. कारागीर पट्टी मोडून आतला दाणा बघत आणि प्रत ठरवत. फोड ही त्या मालाची ओळख होती. ‘फोडाचं पोलाद’ लिहा आणि पहिल्या वेळी एका ओळीत खुलासा द्या.

‘शिअर स्टील’ म्हणजे कातरलेलं पोलाद नव्हे. वर सांगितलेल्या पट्ट्यांची मोळी बांधून, तापवून, ठोकून एकजीव केलेलं हे पोलाद. लोकरी कापडाची लव कापायच्या मोठ्या कात्र्या त्यापासून होत, त्यावरून हे नाव पडलं. तेच काम दोनदा केलं की ‘डबल शिअर’.

‘कास्ट स्टील’ हा सगळ्यांत मोठा खड्डा. ‘कास्ट’ दिसलं की हात आपोआप ‘बीड’ किंवा ‘ओतीव लोखंड’ लिहितो. बीडाची छिन्नी पहिल्याच घावाला तुटेल. ‘कास्ट स्टील’चा शिक्का मात्र उत्तम छिन्न्यांवर आणि वस्तऱ्यांवरच मारत. बेंजामिन हन्ट्समन हा डॉनकास्टरचा घड्याळजी. स्प्रिंगेला आणि लंबकाला एकसारखं पोलाद मिळेना म्हणून १७४०च्या सुमारास त्याने फोडाचं पोलाद मातीच्या मुशीत वितळवून ओतायला सुरुवात केली. मळी वर तरंगते आणि खाली स्वच्छ, एकजिनसी धातू उरतो. याला ‘मुशीतलं पोलाद’ म्हणावं. साल १७४०च्या आधीचं असेल आणि इंग्लंडच्या मालाला कास्ट स्टील म्हटलेलं असेल, तर तारीख किंवा मजकुराची नक्कल पुन्हा तपासा.

रूप: एक, अनेक, क्रियापद

नुसतं ‘स्टील’ म्हणजे बहुधा धातू. आधी ‘अ’ हे उपपद आलं, म्हणजे ‘अ स्टील’, की ती वस्तू. मग शेजारी बघा.

जवळपास फ्लिंट, टिंडर, बॉक्स, स्ट्राइक यांपैकी काही असेल तर ती चकमकीतली पोलादी पट्टी. हिची रीत नीट डोळ्यांसमोर असावी, नाहीतर अनुवादात माणसं दोन गारगोट्या घासून विस्तव करताना दिसतात. पट्टी वाकवून मुठीत बसेल अशी केलेली असते, बोटं आतून जातात. दुसऱ्या हातात धारदार कडेची गार. कडेवरून पट्टी तिरकी, ओरबाडल्यासारखी खाली ओढायची. गार कठीण, म्हणून ती पोलादाचे सूक्ष्म कण खरवडून काढते. ते कण घर्षणाने तापतात आणि हवेत जळतात. ठिणगी पोलादाची असते, दगडाची नव्हे. झिजते तीही पट्टीच. घडीव लोखंडाच्या पट्टीतून नीट ठिणगी पडत नाही, कारण मऊ धातूचा कण तुटून निघण्याऐवजी दबतो आणि पसरतो. ठिणग्या खाली डबीतल्या काळ्या, जळक्या चिंधीवर पडतात. चिंधी धुमसते, फुंकर घातली की लाल होते, पण ज्वाला देत नाही. ज्वालेसाठी तिला गंधक लावलेली काडी टेकवायची.

या काडीलाही इंग्रजीत ‘मॅच’च म्हणत. घासून पेटणारी काडी जॉन वॉकरने इंग्लंडातल्या स्टॉकटन गावी विकायला काढली ती १८२७ साली. त्याआधीच्या मजकुरातल्या ‘मॅच’ला ‘काडेपेटीतली काडी’ म्हटलं की सगळा प्रसंग पन्नास वर्षं पुढे सरकतो. ‘गंधकाची काडी’ पुरेशी आहे. चिंधी ओली झाल्यामुळे विस्तव न होणं ही त्या काळची नेहमीची तक्रार. तिथे ‘टिंडर’ला ‘सरपण’ लिहिलं तर तक्रारच कळेनाशी होते.

बंदुकीच्या वर्णनात ‘स्टील’ म्हणजे चापावर बसवलेली गार जिच्यावर आपटते ती पट्टी. लष्करी कवायतीच्या पुस्तकांत तिलाच कधी ‘हॅमर’ म्हटलेलं असतं. तो हातोडा नव्हे.

शेजारी नाइफ, एज, ॲप्रन, गर्डल असेल तर ती खाटकाच्या कमरेला लटकणारी, सुरीची धार सरळ करायची सळई. इथे ‘धार लावायचा दगड’ लिहू नका. दोघांचं काम वेगळं. दगड धातू खातो आणि नवी धार काढतो. सळई धातू जवळजवळ काढत नाही. मांस-हाडावर चालून सुरीची सूक्ष्म कड एका बाजूला कलंडलेली असते, ती सळई उभी करते. पातं सळईला साधारण २० अंशांत टेकवून मुठीकडून टोकाकडे ओढायचं, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून चार-पाच वेळा. कोन जास्त उभा धरला तर धार गोल होते. खाटीक दिवसभरात हे कितीदा तरी करतो, म्हणून सळई अंगावर हवी. कथेत तो बोलताबोलता ‘स्टील’ उचलतो तेव्हा तो तलवार काढत नसतो!

तलवारही असते अर्थात. ‘हिज स्टील’, ‘ड्रॉ स्टील’, ‘क्रॉस स्टील’ म्हणजे तलवार किंवा कट्यार. ‘कोल्ड स्टील’ म्हणजे गोळी न झाडता संगिनीने किंवा तलवारीने. ‘थंड पोलाद’ लिहिणं मराठीत अर्थशून्य आहे. ‘इन कम्प्लीट स्टील’ म्हणजे आपादमस्तक चिलखतात. धातूच्या नावाने शस्त्र ओळखण्याची चाल आपल्याला परकी नाही. विस्तवाच्या साधनावरून झटापटीला ‘चकमक’ आपणच म्हणतो.

अनेकवचनी ‘स्टील्स’ कपड्यांच्या यादीत आलं तर स्त्रियांच्या चोळीवजा कंबरबंदातल्या किंवा फुगीर घागऱ्याच्या सांगाड्यातल्या लवचीक पट्ट्या. ‘स्टील पेन’ म्हणजे टाक. पिसाची लेखणी मागे पडून बर्मिंगहॅमची निबं १८३०च्या पुढे सर्रास झाली. छापील चित्राखालचं ‘एन्ग्रेव्ह्ड ऑन स्टील’ म्हणजे तांब्याऐवजी पोलादी पत्र्यावर कोरलेलं. १८२०नंतरचं, आणि तांब्यापेक्षा कितीतरी जास्त प्रती देणारं.

क्रियापद ‘टु स्टील’ लोहाराच्या बिलात हमखास येतं: कुऱ्हाड स्टील केली, टिकाव नव्याने स्टील केला. म्हणजे तो पोलादाचा बनवला नाही, तर घडीव लोखंडाच्या हत्याराच्या धारेला किंवा टोकाला पोलादाचा तुकडा जोडला. लोखंड तापवून त्याला चीर द्यायची, चिरेत पोलादाची पाचर बसवायची, पापुद्रा धरू नये म्हणून वाळू किंवा टाकणखार टाकायचा आणि पांढरट-पिवळ्या तापावर ठोकून सांधा एकजीव करायचा. ताप कमी पडला तर सांधा धरत नाही. जास्त झाला तर पोलाद लोखंडाच्या आधी जळतं, ठिणग्या उडतात आणि तुकडा वाया जातो. हेच बिल दरवर्षी का येतं, याचंही उत्तर इथे आहे: धार पाजवून पाजवून पोलाद संपतं आणि मागचं मऊ लोखंड उघडं पडतं. अनुवादात ‘धारेला पोलाद घातलं’ हे पुरे.

‘टेम्पर’ आणि ‘वॉटर्ड’: दोन पाणी

मराठीत पोलादाला पाणी देतात. लाल तापवलेलं हत्यार पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करणं ते हे. जुनं इंग्रजी ‘टेम्पर’ कधी या पूर्ण कामाला वापरलेलं असतं, तर कधी फक्त पुढच्या पायरीला: कडक पण ठिसूळ झालेलं पातं घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा उतरवायचा. किती उतरवायचा ते पृष्ठभागावर चढणाऱ्या रंगावरून ठरतं. फिकट गवती रंग सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला, वस्तऱ्यासाठी. तपकिरी २५५च्या आसपास. जांभळा २७५ला, सुऱ्यांसाठी. गडद निळा ३००ला, स्प्रिंगांसाठी. म्हणून ‘लेट डाउन टु अ स्ट्रॉ’ यात गवत किंवा पेंढा कुठेच नाही, आणि ‘ब्लू’ म्हणजे निळा रंग दिला असंही नाही. ‘गवती रंग चढेपर्यंत मंद तापवलं’ असं लिहावं.

आता उलटा सापळा. ‘वॉटर्ड ब्लेड’ दिसलं की मराठी हात ‘पाणी दिलेलं पातं’ लिहितो. इथे ‘वॉटर्ड’चा बुडवण्याशी संबंध नाही. पात्याच्या अंगावरच्या लाटांसारख्या नक्षीला तो शब्द आहे. लहरी उमटवलेल्या रेशमालाही इंग्रजीत तेच विशेषण लावतात. आपल्याकडे या नक्षीला जौहर म्हणतात. ‘जौहरदार पातं’ लिहिलं की संपलं.

अशी पाती ज्या पोलादाची, त्याला इंग्रजीत ‘वूट्झ’ नाव मिळालं आणि त्या नावात मुंबई अडकली आहे. मुंबईतल्या हेलेनस स्कॉट या डॉक्टरने नमुने लंडनला रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअरसनने त्यांवर केलेले प्रयोग १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले, आणि निबंधाच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत तयार होतं असं म्हटलं. मुंबई हे बंदर होतं. मुशीतलं हे पोलाद दक्षिणेत, म्हैसूर, सेलम आणि तेलंगणाच्या बाजूला होत असे, आणि ‘वूट्झ’ हा शब्द बहुधा कन्नड ‘उक्कु’वरून बिघडला. यातून मिळणारी युक्ती जुन्या व्यापारी मजकुरात सगळीकडे चालते: मालाला लावलेलं गावाचं नाव हे बहुधा जिथे विकत मिळालं त्या गावाचं असतं. ‘डमास्कस स्टील’चंही तेच. ‘दमिश्कमध्ये बनलेलं’ असं स्वतःच्या पदरचं घालू नका.

धातू नसलेलं स्टील

रोग्याच्या दिनचर्येत ‘शी टुक स्टील’ असेल तर तिने हत्यार उचललेलं नाही. ती लोहयुक्त औषध घेते आहे. सतराव्या-अठराव्या शतकातले इंग्रज वैद्य फिकट पडलेल्या मुलींना हे सर्रास देत. ‘स्टील वाइन’ म्हणजे लोखंडाची बारीक तार शेरी या द्राक्षाच्या दारूत महिनाभर भिजवून गाळलेलं औषध. ‘चॅलिबिएट’ हा शब्दही याच घरचा, पोलादाच्या ग्रीक नावावरून आलेला. टनब्रिज वेल्सचा झरा ‘चॅलिबिएट’ म्हणजे लोहयुक्त पाण्याचा. ‘लोहासव’ किंवा ‘लोहभस्म’ लिहायचा मोह टाळा. त्या वेगळ्या कृती आहेत. ‘लोहयुक्त औषध’ बरं.

‘स्टील मिल’ १८००च्या आधीच्या खाणीत आली तर ती गिरणी किंवा कारखाना नाही. हाताने फिरवायची पोलादी चकती आणि तिला टेकवलेली गार: तिच्या ठिणग्यांच्या उजेडात कोळसा खणत. व्हाइटहेवनच्या खाणीवर कार्लाइल स्पेडिंगने ती काढली, या समजुतीने की उघड्या ज्योतीने पेटणारा खाणीतला वायू ठिणग्यांनी पेटत नाही. समजूत खोटी निघाली, ठिणग्यांनीही स्फोट झाले. १८१५ साली खाणीत सुरक्षित असा हम्फ्री डेव्हीचा दिवा आला आणि शब्द मोकळा झाला. पुढे तो कारखान्याला लागला.

‘स्टीलयार्ड’चे दोन अर्थ, दोन्ही वेगळे ठेवा. मोठ्या अक्षराने लिहिलेलं, लंडन-थेम्स-व्यापारी यांच्या संगतीत असलेलं, ते हान्झा या जर्मन व्यापारी संघाचं आवार. आज तिथे कॅनन स्ट्रीट स्टेशन आहे. मूळ जर्मन नाव ‘श्टालहोफ’. इंग्रजांनी त्यातल्या पहिल्या शब्दाचा पोलाद असा अर्थ लावला. पोलादाची वखार म्हणू नका, तिथे कापड आणि बराच दुसरा माल होता. १५९८ साली एलिझाबेथ राणीने ते काढून घेतलं.

लहान अक्षराने लिहिलेलं, वजनं-बाजार-कापूस यांच्या संगतीतलं, तो असमान दांडीचा काटा. आखूड बाजूला माल लटकवायचा आकडा, लांब बाजूवर खुणा, आणि त्यांवरून सरकणारं एकच वजन. आकडा टेकूपासून ४ सेंमी, सरकतं वजन २ किलो आणि ते ४० सेंमीवर ठरलं, तर माल २० किलो, दांडी रिकामी असताना समतोल राहते असं धरून. तागडीशी त्याचा घोळ करू नये. ‘पारडं झुकलं’ हे वाक्य इथे बसत नाही. फसवणुकीचा प्रकारही निराळा असतो. सरकतं वजन बदलून जड बसवलं की ते टेकूच्या जवळच तोल साधतं आणि माल हलका भरतो. म्हणून जुन्या तक्रारींत खोटी मापं नव्हे, खोटं ‘पॉइझ’ येतं, म्हणजे हेच सरकतं वजन. काही काट्यांना दोन टेकू आणि दोन खुणांच्या ओळी असतात. उलटा टांगला की जड मालासाठी दुसरी ओळ वापरायची.

स्कॉटलंडच्या भाडेपट्ट्यांतला ‘स्टीलबो’ही असाच. जमिनीबरोबर मालकाने कुळाला दिलेली गुरं, बियाणं, अवजारं, पट्टा संपताना तेवढीच आणि त्याच प्रतीची परत करायची. ‘पोलादी धनुष्य’ तर नाहीच.

मापं आणि पडताळा

पोलादाचा ‘फॅगट’ म्हणजे मोळी नाही फक्त, ते १२० पौंडांचं माप आहे, सुमारे ५४ किलो. ‘गॅड’ म्हणजे पोलादाची लहान कांब. पण खाणीत तोच शब्द पाचरेला आणि गुरांजवळ पराणीला.

पडताळ्यासाठी आजच्या इंग्रजी-मराठी कोशापेक्षा मोल्सवर्थ आणि कॅन्डी यांचा १८४७चा इंग्रजी-मराठी कोश उघडा, आणि उलट बाजूने मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती. दोन्ही बेसेमरचं पोलाद बाजारात पसरण्याआधीचे, त्यामुळे आपल्याला हवं ते इंग्रजी तेव्हा बोलीत होतं.

सरावासाठी रचलेली, १७९०च्या सुमाराच्या दुकानाची ही यादी बघा: ‘हाफ अ फॅगट ब्लिस्टर स्टील, टिंडरबॉक्सेस विथ स्टील्स, ट्वेल्व्ह, बुचर्स स्टील्स, सिक्स, चिझल्स, कास्ट स्टील, फोर, वन स्टीलयार्ड, द पॉइझ वॉन्टिंग.’ मराठीत ती अशी यावी: ‘फोडाचं पोलाद, अर्धा फॅगट (६० पौंड), चकमकीच्या डब्या पट्टीसह, बारा, खाटकाच्या धारेच्या सळया, सहा, मुशीतल्या पोलादाच्या छिन्न्या, चार, दांडीचा काटा एक, सरकतं वजन नाही.’ शेवटचं ‘वॉन्टिंग’ म्हणजे ‘हवं आहे’ नव्हे, ‘नाही, हरवलंय’. वजनाशिवायचा काटा म्हणजे नुसती दांडी, आणि यादी करणाऱ्याला त्याची किंमत कमी लावायची होती.